आईची नवमी, बाबांची तिथी

या अंकात दोनच पत्रे घेतली आहेत आणि दोन्ही १९७१ च्या युद्धाशी निगडित आहेत. पहिल्याला जागा अधिक लागली, त्याला इलाज नव्हता. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून गाळली आहेत.

प्रश्न : आमचे घर पेडणे तालुक्यातले. गोवा मुक्त झाल्यावर वर्षभरातच बाबा लष्करात भरती झाले आणि नाशिक रोडला शिकून तोफखान्यात गेले. १९७१ च्या गणेशचवथीला ते रजेवर आले होते. त्या रजेत त्यांनी माटोळीची, म्हणजे गणपतीवर फळे-पाने बांधतात तिची, जुनी, कीड लागलेली चौकट टाकून नवी केली, असे आई सांगत असे. मी तेव्हा चार वर्षांची होते. मला आठवतात ती रंध्याखालून निघणारी लाकडाची वेटोळी, जी मी बांगड्या म्हणून हातात घालून फिरत होते. बाबांचा चेहरा मला फोटोवाचून आठवत नाही.

डिसेंबरात जम्मूतल्या छांबच्या आघाडीवरून ते बेपत्ता झाले. तार आली तीत ‘मिसिंग’ हा शब्द होता आणि ती वाचून दाखवणाऱ्या पोस्टमास्तरांनी आईला त्याचा अर्थ ‘सापडत नाहीत’ असा सांगितला. आईने जन्मभर तेच शब्द वापरले. बाबा ‘गेले’ असे तिच्या तोंडून आम्ही कधी ऐकले नाही. पाकिस्तानी रेडिओवर युद्धकैद्यांची नावे सांगतात असे कोणी म्हणाल्यावरून ती रोज रात्री शेजाऱ्यांच्या पडवीत जाऊन बसे. पुढल्या वर्षी कैदी परत आले, त्यांत बाबा नव्हते. त्यानंतर त्यांच्या तुकडीतला एक जवान घरी येऊन गेला. शत्रू तोफांच्या जागेपर्यंत आला तेव्हा बाबांना त्याने उभे पाहिले होते, पुढचे त्याला ठाऊक नव्हते. आईने त्याला जेवू घातले आणि ‘उभे होते ना?’ हे एवढेच त्याला दोनदा विचारले. मग तिने ग्रामदेवतेकडे प्रसाद लावला, म्हणजे मूर्तीला पाकळ्या लावून कौल मागितला. उजवी, म्हणजे होकाराची, पाकळी पडली आणि तिच्यापुरता निकाल लागला.

काही वर्षांनी लष्कराने बाबांना मृत गृहीत धरले आणि आईला निवृत्तिवेतन सुरू झाले. आमचे शिक्षण व्हायचे होते म्हणून ती ते घेई, पण बँकेतून परतली की आधी देवासमोर जाऊन कपाळीचे कुंकू नव्याने लावी. गेल्या वर्षी चैत्रात ती ८१ व्या वर्षी गेली. हिरवा चुडा घालून, ओटी भरून आम्ही तिला नेले. यंदा वर्षश्राद्ध झाले आणि आता पितृपक्षाच्या तोंडावर भटजींनी साधाच प्रश्न केला : आईचा म्हाळ अविधवा नवमीला, म्हणजे सवाष्ण गेलेल्यांच्या तिथीला, करायचा ना? दादा म्हणतो, विधवेचे पेन्शन घेतलेल्या बाईची अविधवा नवमी कशी करायची? मी म्हणते, मग ५२ वर्षे तिने लावलेले कुंकू खोटे होते का? आमचे काका होते तोवर आजोबांचा म्हाळ ते करीत. ते गेल्यावर दादाला अधिकार पोहोचतो की नाही या घोळात तोही बंद पडला आहे. भरीस भर म्हणून घराच्या एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर अजून बाबांचे नाव आहे आणि दादाच्या मुलाला कर्ज काढायचे असल्याने ते बदलणे भाग आहे. बाबांचे श्राद्ध आजवर झालेले नाही. ते करू या म्हटले की आपल्याच हातांनी आपण त्यांना मारतो आहोत असे मला वाटते. आणि जे मला आठवतही नाहीत त्यांच्यासाठी मला आता, या वयात, आईपेक्षाही अधिक रडू का यावे, हे कळत नाही.

उत्तर : ताई, निवृत्तिवेतन आणि कुंकू यांत विरोध आहे असे तुमच्या दादांना वाटते आणि तुम्हालाही मनातून तसेच वाटत असावे, नाहीतर तुम्ही एवढ्या तावातावाने आईची बाजू मांडली नसती. मला तो विरोध दिसत नाही, आणि का दिसत नाही ते थोडे विस्ताराने सांगते.

सरकारने तुमचे वडील अमुक दिवशी मरण पावले असे कधीच म्हटलेले नाही. आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्याचे १०८ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १११ वे झाले आहे. त्याचा आशय असा की ज्यांना एखाद्या माणसाची खबर स्वाभाविकपणे मिळाली असती अशांना ती सात वर्षे मिळाली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. कायद्याचे म्हणणे येथे संपते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालच्या एका निकालात हेही स्पष्ट केले आहे की या कलमाने मृत्यू गृहीत धरता येतो, मृत्यूची वेळ नव्हे. ती कोणाला हवी असेल तर त्याने वेगळा पुरावा द्यावा. आणि तो माणूस उद्या दारात उभा राहिला, तर हे गृहीतक त्याच क्षणी गळून पडते. तेव्हा आईने घेतलेला पैसा हा वाट पाहणाऱ्या कुटुंबाने तोवर उपाशी राहू नये म्हणून केलेल्या तजविजीचा होता. तो हातात घेताना आपण नवऱ्याच्या मृत्यूची पावती फाडतो आहोत असे तिला वाटले नाही. कायदा तिने वाचला नसेल, पण तिला तो बरोबर कळला होता.

आता शास्त्राकडे येऊ. मी भटजी नाही, परंतु घरात पोथ्या होत्या आणि वाचण्याची खोड होती. परदेशी गेलेल्या माणसाची बातमी बारा वर्षे लागली नाही तर पालाशविधी करावा, असे निर्णयग्रंथ सांगतात. पळसाच्या ३६० पानांच्या देठांची पुरुषाकृती रचतात, मस्तकाच्या जागी नारळ ठेवतात, तिला अग्नी देतात आणि तेव्हापासून सुतक धरतात. हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच्यापुढचा मजकूर फारसा कोणी वाचत नाही : असा विधी झाल्यावर तो माणूस परत आला तर काय करावे, तेही तेथे लिहिले आहे. त्याला तुपाच्या कुंभात बुडवून बाहेर काढावे, जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करावेत आणि त्याचे त्याच्याच पत्नीशी पुन्हा लग्न लावावे. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले होते. नंतर वाटले, ज्यांनी हे लिहिले त्यांनी अशी परतलेली माणसे पाहिली असली पाहिजेत, नाहीतर एवढ्या तपशिलात शिरण्याचे कारण काय? माझ्या आजीचा एक भाऊ तारवटी, म्हणजे जहाजावरचा खलाशी, होता आणि दुसऱ्या महायुद्धात तो जहाजासकट नाहीसा झाला. त्याचा पालाशविधी झाला त्या रात्रीही आजीने पुढल्या दाराला आतून अडसर घातला नाही, आणि घरातल्या कोणालाही त्यात विसंगती वाटली नाही.

तुमच्या भीतीला माझे उत्तर हेच आहे. तुम्ही ज्या दोन व्यवस्थांना घाबरता आहात, त्या दोन्हींनी परत येणाऱ्यासाठी जागा राखून ठेवली आहे. दोघांनीही ‘तो मेला’ असे म्हटलेले नाही, मागे राहिलेल्यांनी आता पुढचे व्यवहार करावेत एवढेच म्हटले आहे. त्यात मारणे कोठे येते?

अविधवा नवमी पती हयात असताना गेलेल्या स्त्रीची. तुमच्या घरात आजवर पालाशविधी झालेला नाही. म्हणजे ज्या दिवशी आई गेली, त्या दिवशी तुमच्या घराच्या धार्मिक हिशोबात तुमचे वडील मृत नव्हते. ती सवाष्ण म्हणून जगली, श्रावणातल्या आदित्यपूजनाला सवाष्ण म्हणून बसली असेल, सवाष्ण म्हणूनच तुम्ही तिला नेली. तिचा म्हाळ नवमीला करणे मला सर्वस्वी सुसंगत वाटते. पुढे तुम्ही बहीणभावांनी वडिलांचा पालाशविधी केला, तरी त्यांच्या मृत्यूची गणना तेव्हापासून होईल, त्याने आईचे आधीचे सौभाग्य मागे जाऊन पुसले जात नाही. अर्थात पती गेल्यावर नवमी बंद करण्याची रीत अनेक घरांत आहे, ती तुमच्याकडे असेल तर त्या वेळी तिचा विचार करावा लागेल. हे भटजींना असेच विचारा. त्यांचे मत वेगळे पडले तर मला जरूर कळवा, मला वाद घालायला आवडेल.

आईची आशा हा भाबडेपणा होता का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण पत्रभर तो प्रश्न आहे. पश्चिम आघाडीवरच्या कैद्यांची अदलाबदल डिसेंबर १९७२ मध्ये वाघा येथे झाली. ज्यांची माणसे आली नाहीत त्यांना सांगण्यासारखे कोणाजवळच काही नव्हते. १९७९ साली संसदेत पाकिस्तानच्या ताब्यात असल्याचे समजल्या जाणाऱ्या ४० जणांची यादी ठेवली गेली, पुढे हा आकडा ५४ झाला आणि अलीकडच्या सरकारी उत्तरांत तो ८३ असा येतो. २००७ साली बेपत्ता सैनिकांच्या १४ नातेवाइकांना पाकिस्तानातील तुरुंग पाहायला नेण्यात आले. त्यांना आपले कोणी आढळले नाही. आपल्याकडे असा एकही कैदी नाही, असे पाकिस्तान सतत सांगत आले आहे. म्हणजे देशाचे सरकारच ज्या बाबतीत ‘असावेत’ म्हणत होते, त्या बाबतीत पेडण्यातल्या एका बाईने ‘आहेत’ म्हटले, एवढाच फरक. शिवाय छांबची गोष्ट आणखी निराळी आहे. आपले सैन्य मुनव्वर तवी नदीच्या अलीकडे मागे आले आणि युद्धानंतर तो भाग नियंत्रण रेषेच्या पलीकडेच राहिला. जेथे तुमचे वडील शेवटचे उभे दिसले, त्या जमिनीवर जाऊन कोणी काही शोधण्याची सोयही उरली नाही. अशा वेळी माणूस देवीच्या अंगावरच्या पाकळीकडे पाहणार नाही तर कशाकडे?

तुमच्या रडण्याविषयी. पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात व्हिएतनाममध्ये बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि या प्रकारच्या दुःखाला नाव दिले. मराठीत त्याला संदिग्ध वियोग म्हणता येईल. त्यांचे निरीक्षण असे की ही कुटुंबे अडतात ती दुबळी असतात म्हणून नव्हे, तर घटनाच अपुरी असते म्हणून, आणि त्यांना ‘आता मान्य करा’ असे सांगण्याने काही सुटत नाही. ‘ते बहुधा नाहीत’ आणि ‘कदाचित असतीलही’ ही दोन वाक्ये एकाच मनात शेजारी शेजारी ठेवून जगता येते आणि बहुतेकांना तसेच जगावे लागते. हे मला पटते. पण तुमच्या बाबतीत मला आणखी एक गोष्ट दिसते. वाट पाहणे हे तुमच्या घरात आईचे काम होते. ती ते इतके नेमाने करीत होती की तुमच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. तुम्ही शाळेत गेलात, संसार केलात. चैत्रात ती गेली आणि ते काम कोणीच हाती घेतले नाही. वडिलांची वाट पाहणारे माणूस घरात उरले नाही, आणि म्हणून त्यांचे नसणे तुम्हाला प्रथमच आपल्या अंगावर जाणवले. चार वर्षांच्या मुलीने तेव्हा रडायचे राहिले होते, ते आता होते आहे. ते आईपेक्षा अधिक आहे म्हणून आईचे उणे झाले असे समजू नका.

दादांविषयी मात्र तुम्ही थोड्या कठोर झाला आहात. ते तेव्हा किती वर्षांचे होते हे तुम्ही लिहिलेले नाही, पण तुमच्याहून मोठे, म्हणजे शाळकरी असणार. ज्याचे वडील हयात आहेत त्याला धर्मशास्त्र जीवत्पितृक म्हणते आणि श्राद्धाच्या बाबतीत त्याचे अधिकार मर्यादित ठेवते. तुमचे दादा पन्नासहून अधिक वर्षे जीवत्पितृक आहेत की नाहीत, हे कोणीही सांगू शकलेले नाही. शाळेत, नोकरीत, लग्नात वडिलांच्या नावाआधी ‘कैलासवासी’ लिहायचे की नाही हा प्रश्न त्यांच्यापुढे दरवेळी आला असेल. आजोबांचा म्हाळ बंद पडला याची टोचणी त्यांनाच अधिक असणार. त्यांना घाई झालेली दिसते ती उताऱ्याची नसावी.

उताऱ्याचे काम तुलनेने सरळ आहे. लष्कराने काढलेल्या आदेशाची प्रत आईच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत शोधा. न मिळाल्यास नाशिक रोड येथील तोफखान्याच्या अभिलेख कार्यालयाला सेवाक्रमांकासह लिहा, पणजीतील सैनिक कल्याण खाते अशा पत्रव्यवहारात मदत करते. तेवढ्यावर भागले नाही तर दिवाणी न्यायालयातून घोषणा घ्यावी लागेल, आणि मग इन्व्हेंटरी (वारस व मालमत्ता ठरवण्याची न्यायालयीन प्रक्रिया) करून मामलेदार कचेरीत म्यूटेशन, म्हणजे उताऱ्यावरचे नाव बदलणे. एक गोष्ट तुम्हाला हलके करील : आई-वडिलांचे लग्न नोंदलेले असेल आणि वेगळा करार नसेल, तर गोव्यातील कायद्याप्रमाणे मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी ठरते आणि तुम्हा दोघांखेरीज वारस नसतील तर दोन्ही निमे तुम्हा दोघांकडेच सारखे येतात. आई आधी गेली की बाबा, याने तुमच्या वाट्यात फरक पडत नसल्याने त्या प्रश्नाचा निकाल तुम्हाला कचेरीतही लावावा लागणार नाही. तपशील वकिलाकडून तपासून घ्या. माझी एवढीच विनवणी आहे की कर्जाचे कागद आणि वडिलांचा विधी एका महिन्यात आणू नका. कर्जासाठी श्राद्ध केले, ही भावना एकदा घरात शिरली की जात नाही.

विधी लगेच नको असेल तर यंदा नवमीला आईचे करा आणि वडिलांसाठी काही करावेसे वाटले तर पालाशविधीआधी चालेल ते भटजींना विचारून सर्वपित्री अमावास्येला करा, कारण तिथी ठाऊक नसलेल्यांसाठी ती आहे. शस्त्राने मृत्यू आलेल्यांची चतुर्दशी असते आणि सैनिक म्हटल्यावर कोणीतरी ती सुचवेल, परंतु मला ती येथे योग्य वाटत नाही. शस्त्राने काय झाले ते कोणीही पाहिलेले नाही, तुमच्याकडे आलेल्या जवानाने त्यांना उभे पाहिले होते.

आणि ती माटोळीची चौकट. लांब पट्ट्यांना खिळे ठोकताना दुसरे टोक कोणीतरी धरावे लागते. त्या चवथीत ते कोणी धरले होते, हे दादांना विचारून पाहा.

प्रश्न : माझे आजोबा नौदलात खलाशी होते आणि ‘खुकरी’ बुडाली तिच्यावर होते. घरात त्यांचा फोटो आहे, पण तिथी कोणालाच माहीत नाही, कारण आजीने ती पाळू दिली नाही. त्यांच्या नावाने जाऊन यावे असे एखादे ठिकाण आहे का? (वास्को)

उत्तर : आहे, आणि ते एकेकाळी आपल्याच राज्यकारभाराचा भाग होते. ‘आयएनएस खुकरी’ ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीराने बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला शेवटपर्यंत जहाजावरच राहिले. तेव्हा दीव हे गोवा, दमण आणि दीव या केंद्रशासित प्रदेशात होते, त्याचा कारभार पणजीहून चाले, आणि ही व्यवस्था १९८७ पर्यंत होती. दीवला समुद्राकाठी ‘खुकरी’चे स्मारक आहे, तेथे जहाजाची लहान प्रतिकृती काचेच्या पेटीत ठेवली आहे.

तिथीबाबत तुमचे काम पहिल्या पत्रातील ताईंपेक्षा सोपे आहे, कारण तारीख निश्चित आहे. शके १८९३ चे जुने पंचांग मिळवून मार्गशीर्ष वद्यात ९ डिसेंबरला कोणती तिथी होती ते पाहा. जहाज रात्री बुडाले, त्यामुळे त्या वेळी कोणती तिथी चालू होती तेही तपासून घ्या. आजीने ती का पाळू दिली नाही, हे तिला आता विचारता येण्यासारखे असेल तर पंचांग उघडण्याआधी विचारा.